मोबाईल, इंटरनेट व आरोग्यसेवा : कालवा आला, चारी केव्हां ?

सातबाराचा उतारा आज मोबाईल फोनवर मिळतो, पिकाची नोंद बांधावर उभें राहून करतां येते, आणि बाजारचा भाव वाडींत बसून कळतो. त्याच साधनानें आतां डॉक्टरचा सल्ला मिळतो, लस घेण्याची वेळ ठरते, आणि रोग्याचे जुने कागद एका क्रमांकाखालीं सांठवून ठेवितां येतात. ही सोय मोठी आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु जी सोय कांहींच्या दारीं येते आणि कांहींच्या दारावरून पुढें निघून जाते, ती नुसती अपुरी राहत नाहीं. ज्यांस ती मिळाली नाहीं त्यांस ती पूर्वीपेक्षांही मागें लोटते. हें कसें घडतें, आपल्या पालघर जिल्ह्यांत तें कोठें दिसून आलें, आणि शेतकऱ्यांच्या संघास त्यावर काय करितां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जगाचा हिशेब

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ सालच्या हिशेबाप्रमाणें जगांतील शंभर माणसांपैकीं ६८ माणसें इंटरनेट वापरीत होतीं; सुमारें २६० कोटी माणसें त्यावांचून होतीं. सधन देशांत हें प्रमाण शेंकडा ९३, तर निर्धन देशांत शेंकडा २७ होतें. जगांतील शहरवासीयांत शेंकडा ८३ आणि खेडुतांत शेंकडा ४८, ही दुसरी दरी.

आपल्या देशापुरतें पाहावयाचें तर २०१९ ते २०२१ या काळांतील पांचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उपयोगी पडते. तींत पंधरा ते एकूणपन्नास वर्षें वयाच्या माणसांस विचारिलें होतें कीं, तुम्हीं कधीं इंटरनेट वापरलें आहे काय ? शहरांतील पुरुषांपैकीं शेंकडा ७२.५ जणांनीं होय म्हटलें. खेड्यांतील स्त्रियांपैकीं शेंकडा २४.६ जणींनींच होय म्हटलें. स्वतःस वापरावयास मिळणारा मोबाईल फोन खेड्यांतील शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ४७ जणींपाशीं होता. त्यानंतर वापर वाढत गेला हें खरें. परंतु शहर व खेडें, पुरुष व स्त्री यांमधील अंतर मिटलें असें नव्हे.

मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांतील एक गोष्ट तर फारच विचार करण्यासारखी आहे. जगांतील शंभर माणसांपैकीं सुमारें चार माणसें अशा ठिकाणीं राहतात कीं, तेथें इंटरनेटच्या लहरी पोंचतच नाहींत. पण सुमारें ३९ माणसें अशीं आहेत कीं, त्यांच्या वस्तीवर लहरी पोंचल्या आहेत, तरी तीं त्यांचा उपयोग करीत नाहींत. म्हणजे टॉवर नसल्यामुळें वंचित राहिलेल्यांच्या जवळजवळ दहापट माणसें टॉवर असून वंचित आहेत.

शेतकऱ्यास हें कोडें वाटण्याचें कारण नाहीं. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याच्या कांठचा शेतकरी जाणतो कीं, कालवा शिवारांतून गेला म्हणजे शेत भिजलें असें होत नाहीं. चारी खणावी लागते, ती साफ ठेवावी लागते, पाळी ठरवावी लागते, आणि पाणी कोणाच्या शेतांत केव्हां सोडावयाचें हें पाहणारा पाटकरी लागतो. इतकें सर्व असेल तेव्हांच टोकाच्या शेतांत पाणी चढतें. मोबाईलचा टॉवर हा कालवा होय. चारी व पाटकरी यांची गोष्ट पुढें येईलच.

माहीमचा जुना धडा

दळणवळणाचें साधन एका गांवास उचलून धरतें व दुसऱ्यास मागें टाकतें, हें आपल्या माहीमकरांस नव्यानें सांगावयास नको. आज ज्यास पालघर तालुका म्हणतात त्याचें नांव पूर्वीं माहीम तालुका असें होतें व कचेरीही माहीमास होती. लोहमार्ग मात्र किनाऱ्यावरून न जातां पालघरवरून गेला. पुढें कचेरी पालघरास गेली, तालुक्याचें नांव बदललें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हें जिल्ह्याचेंही ठिकाण झालें. माहीमची पानवेल, केळी व नारळ कांहीं कमी झाले नाहींत. परंतु कचेरीच्या कामासाठीं जो माणूस पूर्वीं आपल्या गांवीं येत असे, त्याच्या गांवीं आतां आपणांस जावें लागतें.

आगगाडींत व इंटरनेटांत एक मोठा फरक आहे. आगगाडी आली तेव्हां जुनी पायवाट व गाडीवाट कोणी बंद केली नाहीं. इंटरनेट आलें कीं मात्र पुष्कळदां जुनी खिडकीच बंद होते. ‘अर्ज ऑनलाइन करा’ असें एकदां ठरलें कीं कागदावरील अर्जास कोणी वाली राहत नाहीं. खरी हानि येथेंच आहे, आणि तिचा दाखला आपल्याच जिल्ह्यानें पाहिला आहे.

२०२१ चा मे महिना

करोनाच्या सांथींत १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षें वयाच्या लोकांस लस खुली झाली. परंतु त्यांनीं कोविन नांवाच्या संकेतस्थळावर आधीं नोंदणी करून वेळ ठरविली पाहिजे, असा नियम होता. लस थोडी व मागणारे फार. वेळा खुल्या झाल्या कीं कांहीं क्षणांत संपत. ज्याचा फोन चांगला, ज्याची रेंज पक्की, ज्यास इंग्रजी वाचतां येतें व ज्याची बोटें चपळ, त्यास वेळ मिळे. नोंदणीचें पान आरंभीं इंग्रजींत होतें. मराठी, हिंदी इत्यादि भाषा जून महिन्यांत आल्या.

नोंदणी करणाऱ्यास कोणत्याही जिल्ह्यांतील केंद्र निवडण्याची मुभा होती. त्याचा परिणाम असा झाला कीं, मुंबईची तरुण मंडळी मोटारी करून पालघर व ठाणें जिल्ह्यांतील ग्रामीण केंद्रांवर लस घेण्यास येऊं लागली; तशीं वृत्तें त्या वेळीं वर्तमानपत्रांत आलीं. त्या तरुणांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं नियमाप्रमाणेंच केलें. दोष नियमाचा होता. ज्या खेड्यासाठीं केंद्र उघडलें त्या खेड्यांतील माणूस दाराशीं उभा, आणि लस मात्र शंभर किलोमीटरांवरून आलेल्या फोनधारकास ! त्याच महिन्याच्या १७ तारखेस तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें. वाड्यांचें नुकसान झालें, ठिकठिकाणीं वीज गेली. विजेविना फोन चालत नाहीं व फोनाविना लस मिळत नाहीं, अशी दुहेरी अडचण त्या दिवसांत उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयानें ३१ मे २०२१ च्या आदेशांत या नियमाकडे सरकारचें लक्ष वेधलें. देशांत डिजिटल साधनांची इतकी विषमता असतांना या वयोगटाचें लसीकरण केवळ संकेतस्थळावर अवलंबून ठेवल्यास सर्वांस लस देण्याचा हेतु सिद्धीस जाणार नाहीं, असा त्या म्हणण्याचा आशय होता. त्यापूर्वींच २४ मे रोजीं सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा मिळाली होती. २१ जूनपासून सर्व प्रौढांस नोंदणीवांचून केंद्रावर जाण्याची वाट मोकळी झाली. खिडकी पुन्हां उघडली तेव्हां खेड्यांतील माणूस रांगेंत आला. लस तीच व केंद्रही तेंच. फक्त दाराची रीत बदलली.

अडथळे पांच

या विषमतेचीं कारणें एकाच ‘नेट नाहीं’ या शब्दांत गुंडाळल्यास उपाय सांपडत नाहीं. म्हणून तीं वेगवेगळीं मांडतों.

पहिला अडथळा रेंजचा. टॉवरच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं पलीकडे सावली पडते. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या दरींतील पाड्यांवर जी स्थिति आहे ती बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत नाहीं. वीज गेली कीं टॉवर कांहीं काळ बॅटरीवर चालतो, मग बंद पडतो. आणि वीज जाण्याचे दिवस म्हणजे पावसाळ्याचे, तापाचे व सर्पदंशाचेच दिवस असतात. केंद्र सरकारनें जुलै २०२२ मध्यें लहरी न पोंचलेल्या २४,६८० गांवांसाठीं २६,३१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. कंपनी टॉवर बांधते तो गिऱ्हाईक पाहून. विरळ वस्तीचा पाडा तिच्या हिशेबांत बसत नाहीं, म्हणून तेथें सरकारचा पैसा लागतो.

दुसरा अडथळा खर्चाचा. २०१६ सालानंतर आपल्या देशांत डेटाचा दर पुष्कळ उतरला. पण फोन स्वतः स्वस्त नाहीं, व दरमहाचें रिचार्ज हें मजुराच्या घरीं तेलामिठाच्या पंक्तीस बसतें. रोजगार बुडाला कीं पहिलें बंद होतें तें रिचार्ज. म्हणजे ज्या महिन्यांत घरांत आजार, त्याच महिन्यांत फोन मुका.

तिसरा अडथळा घरांतल्या घरांत आहे. घरांत फोन एक, तो कर्त्या पुरुषाच्या खिशांत. तो वाडींत, समुद्रावर किंवा बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर. गरोदर स्त्रीच्या नांवें दवाखान्यांत नोंद करितांना जो ओटीपी येतो तो त्याच्या फोनवर. सरकारी हिशेबांत हें घर ‘फोन असलेलें’ म्हणून मोजलें जातें. त्या बाईच्या दृष्टीनें तें फोन नसलेलें घर आहे.

चौथा अडथळा भाषेचा व क्रमांकाचा. मार्च २०२१ मध्यें अंगणवाडीसाठीं पोषण ट्रॅकर हें अ‍ॅप सुरू झालें. तें इंग्रजींत होतें व दिलेले फोनही नीट चालत नव्हते, अशी तक्रार करून महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं त्याच वर्षीं ऑगस्टांत आपले फोन सरकारास परत करण्याचें आंदोलन केलें. शिकलेल्या सेविकेची ही अडचण, तर निरक्षर मातेची काय असेल ! शिवाय दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारें कुटुंब स्वस्त मिळेल तें नवें सिमकार्ड घेतें. जुना क्रमांक गेला कीं त्यास जोडलेली नोंद हातची जाते. बोईसर-तारापूरच्या वसाहतींत उत्तरेकडून आलेल्या कामगाराचेंही तेंच होतें.

पांचवा अडथळा दुसऱ्या टोकाचा. फोनवर डॉक्टर बोलला, औषध लिहून दिलें. पण तें औषध जवळच्या उपकेंद्रांत आहे काय? रोग्यास हलवा म्हणाला. पण रस्ता आहे काय? ऑगस्ट २०२२ मध्यें मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर एक स्त्री घरींच अकालीं प्रसूत झाली. जुळीं बालकें दगावलीं, आणि रस्ता नसल्यामुळें तिला झोळींतून सुमारें तीन किलोमीटर न्यावें लागलें. जगांतील कोणतेंही अ‍ॅप त्या तीन किलोमीटरांची भरपाई करूं शकत नाहीं. दूरवैद्यकी ही दवाखाना व रस्ता यांची जोड आहे. त्यांचा बदला नव्हे.

पाटकरी कोण ?

आतां उजळ बाजू पाहूं. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही दूरवैद्यकीची सेवा २०१९ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली, व एप्रिल २०२० पासून घरच्या फोनवरूनही डॉक्टरशीं बोलण्याची सोय तींत झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारें दहा कोटि सल्ले दिले गेले. त्यांतील बहुसंख्य सल्ले रोग्यानें स्वतःच्या फोनवरून घेतलेले नव्हते. तो उपकेंद्रावर किंवा आरोग्य केंद्रावर गेला, तेथील आरोग्य अधिकाऱ्यानें त्यास तपासलें, व संगणकावर दूरच्या डॉक्टरशीं बोलणें घडविलें. लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. ज्या देशांत खेड्यांतील निम्म्या स्त्रियांपाशीं स्वतःचा फोन नव्हता, तेथें हें घडलें. कारण मध्यें एक शिकलेला माणूस बसला होता. हाच आमचा पाटकरी. उपकेंद्रावरील आरोग्य अधिकारी, परिचारिका व गांवची आशा कार्यकर्ती यांच्यावांचून हें पाणी टोकाच्या शेतांत चढत नाहीं.

परदेशांतील दोन दाखले याच दिशेचे आहेत. दक्षिण आफ्रिकेंत २०१४ च्या ऑगस्टांत सरकारनें गरोदर मातांसाठीं मॉमकनेक्ट ही सेवा काढली. दवाखान्यांत नांव नोंदविलें कीं साध्या फोनवर लघुसंदेशानें वेळोवेळीं सूचना येतात, व मातेस खर्च पडत नाहीं. महागडा फोन लागत नाहीं, हें त्या सेवेच्या प्रसाराचें मर्म. दुसरा दाखला रवांडा देशाचा. तेथें २०१६ पासून एका परदेशी कंपनीच्या शाखेनें साध्या फोनवरून डॉक्टरचा सल्ला देण्याची सेवा चालविली व वीस लाखांहून अधिक लोकांनीं तींत नांवें नोंदविलीं. परंतु २०२३ सालीं मूळ कंपनी बुडाली आणि ती सेवाही बंद पडली. विहीर दुसऱ्याच्या हद्दींत असली म्हणजे पाण्याचा भरंवसा किती धरावा, हें शेतकऱ्यास कळतें.

आमचा यांत काय संबंध ?

कोणी बागाईतदार म्हणेल, “आमच्या घरीं फोन तीन, रेंज चांगली, पालघर हांकेच्या अंतरावर, हा प्रश्न पाड्यावरच्यांचा.” हें म्हणणें टिकत नाहीं. भातलावणीस व वाडीच्या कामास जे हात येतात ते याच पाड्यांवरून येतात. लावणीच्या चिखलांत पायाच्या जखमेवाटे लेप्टोचा ताप शिरतो. त्यावर औषध आहे. पण तें वेळेवर मिळालें पाहिजे. उशीर झाला कीं मूत्रपिंडें व यकृत बिघडून माणूस हातचा जातो. मजुरास दोन दिवस आधीं सल्ला मिळणें हें त्याच्या प्राणाचें काम आहे, व आपल्या हंगामाचेंही. शिवाय आपल्या घरांतील वृद्ध आई-वडील, ज्यांचीं मुलें मुंबईस वा परदेशीं आहेत, तेही ओटीपीच्या दारांत पाड्यावरच्या माणसाइतकेच अडून बसतात.

संघानें व घरानें काय करावें

१. घरांत गरोदर स्त्री, तान्हें मूल किंवा दीर्घ आजारी माणूस असेल तर एक फोन, मग तो साधा कां असेना, घरांत राहील असें करावें. भिंतीवर ठळक अक्षरांत क्रमांक लिहावे : रुग्णवाहिकेस १०८, गरोदर माता व बालकांच्या वाहनास १०२, मनःस्वास्थ्याच्या सल्ल्यास १४४१६, कोणत्याही संकटास ११२. या क्रमांकांस इंटरनेट लागत नाहीं.

२. आयुष्मान भारत डिजिटल योजनेचा, म्हणजे आभाचा, चौदा अंकी क्रमांक काढला असल्यास तो कागदावर उतरवून ठेवावा. परंतु दवाखान्याचे केसपेपर व तपासणीचे अहवाल यांची एक जाड पिशवी घरीं असावीच. फोन हरवतो, क्रमांक बदलतो. कागद घरांत राहतो. आम्हीं महसूल खात्यांत आयुष्य काढलें. वादांत शेवटीं कामास येतो तो जपलेला कागद, असा आमचा अनुभव आहे.

३. संघाच्या कचेरींत आठवड्यांतून दोन तास एक शिकलेला तरुण अथवा तरुणी बसवावी. ज्यांस फोन नाहीं किंवा वाचतां येत नाहीं त्यांस नोंदणी, दवाखान्याची वेळ व योजनेचा अर्ज यांत तिनें साह्य करावें. सभासद व मजूर असा भेद करूं नये. ओटीपी मात्र ज्याचा त्यानेंच पाहावा व त्याच्या समक्षच वापरावा. तो लिहून ठेवूं नये. फसवणूक झाल्यास विलंब न करितां १९३० या क्रमांकावर कळवावें.

४. प्रत्येक गांवानें रेंजचा तक्ता करावा. कोणत्या पाड्यावर, कोणत्या कंपनीची, कोणत्या वेळीं रेंज मिळते व वीज गेल्यावर टॉवर किती तास टिकतो, हें एक महिना टिपावें. ‘आमच्याकडे नेट नाहीं’ हा अर्ज कोणी वाचीत नाहीं. तारीख, वेळ व जागा दिलेल्या अर्जास उत्तर द्यावें लागतें. तक्रार प्रथम कंपनीकडे करावी व तिचा नोंद क्रमांक मागून घ्यावा. दाद न लागल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावें. तोच तक्ता ग्रामसभेंत ठेवून ठराव करावा व त्याची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकारी यांस धाडावी.

५. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर आली तेव्हां शेतांत रेंज नसल्यास नोंद फोनांत जतन करून मागाहून पाठविण्याची सोय उपयोगी ठरली. आशा व अंगणवाडी सेविकांच्या प्रत्येक अ‍ॅपांत ही सोय व मराठी भाषा असावी, अशी मागणी संघानें करावी.

६. सर्वांत महत्त्वाचें : कोणतीही नवी आरोग्य योजना येईल तेव्हां एकच प्रश्न विचारावा, “ज्याच्याजवळ फोन नाहीं त्यानें काय करावयाचें ?” या प्रश्नास उत्तर नसेल तर ती योजना अर्धी आहे असें समजावें, व समक्ष नोंदणीची खिडकी उघडी ठेवण्याचा आग्रह धरावा.

उपसंहार

फोन वाईट, कागद चांगला, असें आमचें म्हणणें नाहीं. दूरच्या पाड्यावरील तापकऱ्यास तज्ज्ञ डॉक्टरचा शब्द क्षणांत मिळावा, हें पूर्वीं स्वप्नांतही नव्हतें. तें आज शक्य झालें आहे. म्हणूनच त्याची वाटणी नीट व्हावी. पाणी वरच्या शेतकऱ्यानें अडविलें कीं खालचा शेतकरी कोरडा राहतो, आणि तंटा होतो तेव्हां हंगाम निघून गेलेला असतो. आरोग्याच्या बाबतींत निघून जातो तो हंगाम नव्हे, माणूस. पुढील पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गांवानें आपला रेंजचा तक्ता व आपल्या गरोदर मातांच्या घरांची यादी एवढीं दोन कामें जरी पुरीं केलीं, तरी पहिली चारी खणली असें आम्ही समजूं.